रुमालाची साक्ष

खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावलं. दारापासून खिडकीपर्यंत साडेदहा, कारण परत येताना मी रागात असायचे. दिवसाला चारशे फेऱ्या तरी मारल्या असतील. चालून चालून फरशीला चर पडला होता. बरं, चर नसेल पडला, पण गुळगुळीत झाली होती हे शपथेवर सांगते.

वरच्या खोलीत मला ठेवलं होतं ते टीबीमुळे. खोकला तीन महिने अंगावर काढला. शेवटी सूनबाईने हाताला धरून आरोग्य केंद्रात नेलं आणि तिथल्या नर्सने थुंकीचा रिपोर्ट वाचून दाखवला.

मी म्हटलं, "नीट बघ गं, डब्या बदलल्या असतील. माझी थुंकी चांगल्या घरातली आहे."

नर्स हसली नाही. "आजी, सहा महिने गोळ्या. एकही दिवस चुकवायचा नाही. थुंकी साफ येईपर्यंत वेगळी खोली, खिडकी उघडी, माणसांत आलात तर तोंडाला मास्क. घरात लहान मूल आहे का?"

"नाही, पण येतंय," सूनबाई म्हणाली.

येत होतं ते माझ्या नातीचं. सातवा महिना. नवरा बोटीवर कामाला, म्हणून ती आमच्याकडेच राहत होती. माझं पहिलं पतवंड! मी तर केव्हाच ठरवून टाकलं होतं की या बाळाला जगातली पहिली थाप मी ऐकवणार. मांडीवर घेऊन, कानाशी तोंड नेऊन. आता नर्स सांगत होती, दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासू, साफ आली तरच मांडी.

"आणि नाही आली तर?"

"गोळ्या नीट घेतल्यात तर येईल."

पूर्वी या गोळ्या गिळायला रोज केंद्रात जावं लागायचं, नर्सच्या डोळ्यांसमोर. आमच्याकडून दोन बस. माणूस आजाराने राहिला असता, बसने गेला असता. आता ते फोनवर करतात. मुलाने त्याचा जुना, कोपरा फुटलेला फोन मला दिला. नातीने जिन्यावर उभं राहून, लांबूनच शिकवलं.

सकाळी उपाशीपोटी फोन गोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा करायचा आणि लाल बटण दाबायचं. तळहातावर तीन गोळ्या दाखवायच्या. विटेच्या रंगाच्या, आणि मला विचाराल तर विटेच्याच आकाराच्या. त्या जिभेवर ठेवायच्या, पाणी प्यायचं, मग मोठा आ करायचा, जीभ वर उचलायची आणि व्हिडिओ पाठवून द्यायचा. शहरातल्या कुठल्याशा ऑफिसात एक मुलगी बसते. ती बघते आणि सगळं ठीक असेल तर माझ्या नावापुढे हिरवी खूण येते.

दीडशे पेशंट होते तिच्याकडे. म्हणजे रोज सकाळी दीडशे जिभा. मी तिचं नाव ठेवलं गोळीवाली.

पहिले काही दिवस मी नुसती त्या खुणेची वाट बघायचे. व्हिडिओ पाठवला की फोन हातात घेऊन अकरा पावलं, साडेदहा पावलं. आली का? नाही. आता आली का? फोन उलटा ठेवायचे, परत सुलटा करायचे. खाली पातेल्यांचे आवाज, नातीचं हसणं, माझ्याशिवाय चाललेलं घर. दाराबाहेर ताट ठेवून सूनबाई "आई, जेवण" म्हणायची आणि जिना उतरायची. मला मेलीला बोलायला माणूस लागतं. मी खिडकीतल्या कुंडीशी बोलायला लागले होते, तर त्या झाडाने दोन पानं टाकली.

नर्सने आधीच बजावलं होतं की या गोळ्यांनी लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी, सगळं नारिंगी होतं, घाबरायचं नाही. आता माझे डोळे हसले की गळतात, ही जुनी खोड. पाचव्या दिवशी व्हिडिओ चालू असताना स्वतःच्याच विनोदावर हसले, पांढऱ्या रुमालाने डोळे पुसले आणि बघते तर रुमालावर हा नारिंगी डाग! तो फोनसमोर फडकवला. "बघ गं बाई, आमच्याकडे आता रडणंसुद्धा रंगीत आलंय!"

हिरवी खूण आली आणि खाली दोन शब्द. "छान आजी."

त्या दोन शब्दांवर मी दोनशे फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी गोष्ट सुरू केली.

"माझा मामा विहिरी खणायचा," मी गोळ्या दाखवत म्हटलं. "एकदा पाणी लागेना म्हणून तो हट्टाला पेटला. खणतोय, खणतोय. सात महिने झाले. एक दिवस खालून आवाज आला, 'अहो, कोण आहे तिकडे? आमच्या छपरावर माती का टाकताय?'" एवढं बोलून गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले, आ केला, जीभ उचलली आणि बटण दाबलं.

हिरवी खूण. खाली, "मग?"

झालं! मला हेच हवं होतं. रोज सकाळी एक तुकडा. मामीने साऱ्या गावाच्या खाटांच्या दोऱ्या सोडवून एकच लांब दोर वळला. सगळं गाव जमिनीवर झोपायला लागलं. दोराला बादली बांधून खाली सोडली, तर वर येताना तिच्यात एक शेळी. शेळीच्या गळ्यात चिठ्ठी, "माती पुरे, पाणी पाठवा." मी सांगत होते आणि पलीकडून "मग?", "पुढे?", एकदा तर "आजी, मी ऑफिसात एकटीच हसतेय." कधी नव्हे ती दिवसाची वाट बघायला लागले.

पण गोळ्यांनी माझ्या पोटात कालवाकालव व्हायची. दुपारपर्यंत तोंड कडू, डोकं जड. त्या जड डोक्यात मामा हलेना. उद्या सकाळी काय सांगायचं? मी फेऱ्या मारतेय, मामा दोर धरून नुसता उभा. महिना उलटला, दीड महिना होत आला. खोकला गेला होता, वजन वाढलं होतं, भूक लागत होती. आणि मला वाटलं, आता या गोळ्या आजाराला मारत नाहीयेत, माझ्या गोष्टीला मारतायत.

माझा पेला स्टीलचा. आतलं बाहेर दिसत नाही.

आता सांगायला लाज वाटते, पण केलं ते केलं. गोळ्या जिभेवर ठेवायच्या, पेला तोंडाला लावायचा आणि पिता पिता तिन्ही गोळ्या पेल्यात सोडून द्यायच्या. मग आ करायचा. जिभेखाली काही नाही, गालात काही नाही, गुणी बाई! नंतर पेला कुंडीत ओतायचा आणि बोटाने माती सारायची.

काय सांगू, दुसऱ्याच दिवशी डोकं पिसासारखं हलकं. मामा सुटला तो थेट दोरावरून खाली. त्या आठवड्यात मी अशी काही गोष्ट रंगवली की मलाच रात्रंदिवस चैन पडेना. मामा उतरता उतरता पृथ्वीच्या बरोबर मध्यावर पोचला, आणि तिथे त्याला वर कुठलं आणि खाली कुठलं कळेना. डोकं ज्या बाजूला करावं ती बाजू खालची वाटायची. दोर सोडला तर पडेल कुठे? पडेल की वर जाईल? गोळीवालीने लिहिलं, "आजी, आज फार रंगली."

एवढं कौतुक झाल्यावर कोण थांबतं? नऊ दिवस हिरवी खूण, नऊ दिवस कुंडी. इतकी बरी झाले असं वाटलं मला, की दोनदा जिन्यावर नातीच्या शेजारी बसून गप्पा मारल्या, शेळीची गोष्टही सांगितली. मास्क होता. हनुवटीवर.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"आजी, मी बोलतेय. गोळ्या बघते ती."

आवाज माझ्या नातीएवढा. मला वाटलं होतं कोणी चष्मेवाली, पोक्त बाई असेल. "बोल गं बाळा! अगं, मामा उद्या..."

"मामाचं राहू द्या. तुमचा रुमाल पांढरा का आहे?"

"धुतलाय म्हणून."

"आज हसलात, डोळे पुसलेत, पांढरा. काल पुसलेत, पांढरा. मी मागचे सगळे व्हिडिओ काढून बघितले. आधी रोज नारिंगी डाग पडतोय. गेले नऊ दिवस नाही."

माझ्याकडे थाप नेहमी तयार असते. त्या दुपारी जीभ उचलून बघितली तरी खाली काही नव्हतं.

"पेल्यात?" तिने विचारलं.

"पेल्यात."

 तिच्या मागे कुणाचे तरी फोन वाजत होते. मी उभीच होते, पाऊल उचलावं तर कुठल्या दिशेला ते कळेना.

"चूक माझीपण आहे," ती म्हणाली. "मी रुमाल बघायला हवा होता, मी गोष्ट ऐकत बसले. पेला काचेचा घ्या हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला साहेबांना आणि नर्सला कळवावं लागेल."

"आणि घरी?"

"घरी तुम्ही सांगा. आजच. तुम्हीच म्हणाला होतात ना, नातीचे दिवस भरत आलेत? मधेच गोळ्या सोडल्या की आजार शांत बसत नाही, आजी. जिन्यावर वगैरे बसला नाहीत ना?"

"दोनदा," मी म्हटलं. 

तोंडाला मास्क नीट बांधला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. खाली सूनबाई कपड्यांना इस्त्री करत होती, नात बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ऐका गं दोघी. मी नऊ दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. पेल्यात थुंकले आणि कुंडीत टाकल्या."

सूनबाईने मान वर केली नाही. "आई, थापा पुरे. परवा तुमची शेळी बादलीतून आली, आज गोळ्या कुंडीत गेल्या."

"अगं खरं सांगतेय!"

"शेळीपण खरीच होती ना?"

नात हसायला लागली. पोट धरून हसत होती बिचारी. आयुष्यभर लोकांनी माझं खोटं कौतुकाने ऐकलं, आणि आता खरं बोलतेय तर ऐकायला माणूस नाही. माझा जीव असा तळमळला की वर गेले, ती कुंडी उचलली, जिन्याच्या मधल्या पायरीवर आणून ठेवली, परत वर आले आणि म्हटलं, "उकर. माझं ऐकू नकोस, ती उकर."

सूनबाई नाइलाजाने उठली, चमचा घेऊन आली. पहिल्याच चमच्यात विटकरी चिखल निघाला. मग एक गोळी, अर्धी विरघळलेली. मग दुसरी. सत्तावीस टाकल्या होत्या, एकोणीस सापडल्या, उरलेल्या झाडाने गिळल्या. त्या झाडाला तर जन्मात टीबी व्हायचा नाही.

नातीचं हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. ती त्या गोळ्यांकडे बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तू माझ्याशेजारी बसली होतीस."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. नर्स घरी आली, सगळ्यांना तपासलं, नातीचे नमुने तपासायला पाठवले. चार दिवस वाट बघायची होती. अकरा पावलं, साडेदहा पावलं, मग दोन्हीकडून अकराच, कारण राग जाऊन तिथे दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. दाराबाहेर ताटाशेजारी काचेचा पेला आला. कोणी ठेवला ते विचारायची हिंमत झाली नाही.

गोळीवालीने नवा नियम काढला. गोष्ट बंद. गोळ्या, काचेच्या पेल्यातलं पाणी, जीभ आणि शेवटी रुमाल.

"हसू कुठून आणू गं आता रुमालासाठी?" मी व्हिडिओत विचारलं.

"रडलात तरी चालेल," तिने लिहिलं. "तुमच्या तोंडावर माझा विश्वास नाही, डोळ्यांवर आहे."

तिसऱ्या दिवशी रुमालावर डाग पडला. मुद्दाम रडावं लागलंच नाही.

नातीचा रिपोर्ट चांगला आला. तेवढं सूनबाईने खालून ओरडून सांगितलं, "तिला काही नाही!"  पण दोन महिने पुरे झाल्यावर माझी थुंकी तपासली, त्यात जंतू अजून होते. नर्स म्हणाली, आणखी एक महिना या मोठ्या गोळ्या, मग परत बघू. आणि त्याच आठवड्यात बाळ झालं.

मुलगी. माझ्या डोक्यावर, म्हणजे खरं तर माझ्या पायाखाली. मी वर, ती खाली, मध्ये फक्त स्लॅब. फरशीला कान लावला की तिचं रडणं ऐकू यायचं. या वयात फरशीला कान लावायचा म्हणजे आधी गुडघा, मग हात, मग देवाचं नाव. आणि उठताना तर फोन करून माणूस बोलवावं की काय अशी पाळी. तरी दिवसातून पाच वेळा लावायचे.

आठव्या दिवशी माझा फोन वाजला. पडद्यावर नातीचं नाव. उचलला तर ती दिसेना, नुसतं एक लालसर तोंड, मिटलेले डोळे, आणि नातीचा आवाज, "बघ. काही सांगू नकोस हं तिला. नुसती बघ."

मी नुसती बघितली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर ऐकायला माणूस होतं आणि मी गप्प.

गोळीवालीला माझी कीव आली असावी. एक दिवस हिरव्या खुणेखाली तिचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "आजी, तुम्ही सांगत नाही तर मीच सांगते पुढे. मामा मध्यावर थांबला. मग तो आणखी थोडा थांबला. मग तो पाणी प्यायला आणि त्याने जीभ उचलून दाखवली."

मी व्हिडिओत म्हटलं, "बाळा, तू गोळ्याच बघ. मामाला असं ताटकळत मारू नकोस."

तरी ती पाठवत राहिली. रोज मामा थांबलेला. इतकी रटाळ गोष्ट मी जन्मात ऐकली नाही, आणि एक दिवसही चुकवली नाही.

महिना भरला. थुंकी दिली. रिपोर्ट फोनवर येणार होता. सकाळपासून फोन हातात, हाताला घाम, घामाने फोनवर नारिंगी बोटं. दुपार झाली. खाली बाळ रडत होतं. फोन वाजला तो औषध कंपनीचा, विमा कंपनीचा, कुणा चुकीच्या माणसाचा. त्या चुकीच्या माणसाला मी इतकं झापलं की तो "सॉरी मावशी" म्हणाला. मग चार वाजता एक टिंग.

वाचता येईना. चष्मा डोक्यावर आणि मी तो उशीखाली शोधतेय. शेवटी दारातून ओरडले, "अगं कोणी वाचा गं! कोणीतरी वर या!"

जिन्यावर पावलं वाजली. नात होती. दारातच थांबली, हात पुढे करून फोन घेतला. वाचला. परत वाचला. मग गोळीवालीला फोन लावून विचारलं, "हे खरं आहे ना? आजीने काही केलेलं नाही ना यात?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "नाही. रिपोर्ट आम्ही पाठवलाय. साफ आहे. गोळ्या अजून चालू राहतील हं. मास्कपण थोडे दिवस राहू द्या."

नात खाली गेली. मी खिडकीपर्यंत गेले. परत आले. परत गेले. किती पावलं झाली मोजली नाहीत.

ती आली तेव्हा तिच्या हातात गाठोडं होतं. मागे सूनबाई, "हात धुतलेत का आई? मास्क वर घ्या, नाकावर, नाकावर!" मी खाटेवर भिंतीला टेकून बसले आणि नातीने ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. एका मांजराएवढं वजन. त्याने जांभई दिली.

मी वाकले, कानाशी तोंड न्यायला. तेवढ्यात माझे डोळे गळले, टपकन बाळाच्या पांढऱ्या टोपड्यावर. नारिंगी.

"अहो आई! नवं टोपडं!" सूनबाई किंचाळली. "निघायचा नाही तो डाग!"

"राहू दे," नात म्हणाली. तिने फोन काढला, त्या डागाचा फोटो घेतला आणि मला विचारलं, "हा गोळीवालीला पाठवायचा, नंबर कोणता?"

फोटो गेला. लगेच हिरवी खूण आली. त्या फोटोला खरं तर खूण द्यायची सोय नाही, तिने कुठून आणली कोण जाणे. खाली लिहिलं होतं, "दिसलं. आजी, आता तरी मामाला सोडवा."

नातीने फोन डब्याला टेकवून उभा केला, लाल बटण दाबलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. अगदी खेटून.

"ऐक गं चिमणे," मी बाळाला म्हटलं. "माझा मामा पृथ्वीच्या मधोमध लटकला होता. वर कुठलं, खाली कुठलं कळत नव्हतं. किती दिवस लटकला असेल? एक महिना आणि वर थोडे दिवस. दमला बिचारा. आणि एक दिवस एका बाजूने त्याला रडणं ऐकू आलं, एवढ्याशा बाळाचं. मामा म्हणाला, हात्तिच्या, म्हणजे वर ते तिकडे! आणि दोर धरून सरसर चढला."

सूनबाई म्हणते हे मी आयत्या वेळी जोडलं. जोडलंच आहे मुळी. पण टोपडं ठेवलंय कपाटात. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावं.